परका कोण?



गेल्या महिन्यातील पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत दफनभूमीचा विषय निघाला, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. जागा तेवढीच आहे आणि माणसे वाढली आहेत. बाहेरून कामाला आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी काही कॅथलिक कुटुंबे दर रविवारी आपल्याबरोबर मिस्साला बसतात, आपल्याइतकीच वर्गणी देतात. त्यांच्या घरी कोणी वारले तर त्यांना आपल्या दफनभूमीत जागा द्यायची की नाही, असा प्रश्न होता. दोन्ही बाजूंनी बरेच बोलणे झाले. शेवटी एक सुशिक्षित, शांत स्वभावाचे गृहस्थ म्हणाले, “फादर, यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. आपले शरीरसुद्धा परके ते बाहेर काढते, म्हणून तर ते जगते. निसर्गाचाच नियम आहे.”

पुष्कळांनी माना डोलावल्या. मी काही बोललो नाही. मला चटकन उत्तर सुचले नाही, हे एक कारण. सुचले असते तरी त्या वेळी वाद नको, असे वाटले, हे दुसरे कारण. हे दुसरे कारण मला अजून टोचते आहे, म्हणून आज हे लिहीत आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमचे एक प्राध्यापक सांगत, की कोणी दाखला दिला तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका, आधी तो दाखला स्वतः काय सांगतो ते नीट पाहा. म्हणून शरीर ‘आपले’ आणि ‘परके’ कसे ओळखते, याविषयी मी वाचू लागलो. वाचता वाचता एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरापाशी येऊन थांबलो. शरीराविषयी बोलताना ‘आपले’ आणि ‘परके’ हे शब्द आज आपण सहज वापरतो, त्याचे बरेचसे श्रेय या माणसाकडे जाते. त्याचे नाव फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट.

बर्नेट यांचा जन्म १८९९ साली व्हिक्टोरिया राज्यातील ट्रारलगन या गावी झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. मुलगा अबोल, एकलकोंडा. रानात भुंगेरे गोळा करीत हिंडणारा. मेलबर्न विद्यापीठातून १९२२ मध्ये तो डॉक्टर झाला आणि १९२४ मध्ये त्याने एम.डी. केले. रुग्णांमध्ये राहून मज्जातंतूंच्या आजारांचा डॉक्टर व्हावे, अशी त्याची इच्छा होती. पण रुग्णालयाच्या प्रमुखांना वाटले, की या तरुणाचा स्वभाव रुग्णांपेक्षा प्रयोगशाळेला अधिक शोभेल. म्हणून तो मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये आला. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षे राहून त्याने जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर पीएच.डी. मिळवली. अशा रीतीने एका डॉक्टरची तालीम रुग्णाच्या खाटेपासून काचेच्या नळीपर्यंत येऊन पोचली.

परत आल्यावर त्यांच्यापुढे आलेले एक महत्त्वाचे काम मन हेलावणारे होते. जानेवारी १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील बुंडाबर्ग या गावी २१ मुलांना घटसर्पाची लस टोचली गेली आणि त्यांतली १२ मुले दगावली. साऱ्या देशात लसीविषयी भीती पसरली. सरकारने चौकशी आयोग नेमला. इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स केलावे त्याचे प्रमुख होते आणि प्रयोगशाळेतील काम बर्नेट यांच्याकडे आले. लसीच्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते. एकाच बाटलीतून वरचेवर लस काढली जात होती आणि तिच्यात स्टॅफिलोकोकस नावाचे जीवाणू शिरून वाढले होते. ही गोष्ट सिद्ध झाली म्हणून दोष लसीचा नसून निष्काळजीपणाचा होता, हे लोकांना कळले, आणि पुढे अनेक मुलांना घटसर्पापासून वाचवणे शक्य झाले. बर्नेट यांच्यापुरते पाहिले तर याच कामातून त्यांना एक कुतूहल जडले. शरीर विषाचा प्रतिकार करायला शिकते, ते नेमके कसे?

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मात्र ते मुख्यतः विषाणूंच्या मागे होते. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. तो वाढवायचा कुठे, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. कोंबडीच्या अंड्यातील वाढत्या गर्भात विषाणू वाढवण्याची पद्धत बर्नेट यांनी इतकी सुधारली, की इन्फ्लुएंझाच्या लसी पुढे अंड्यांतच तयार होऊ लागल्या आणि आजही त्यांतल्या पुष्कळ तशाच होतात. ब्रिस्बेनमधील कत्तलखान्यांतील मजुरांना होणाऱ्या ‘क्यू फीव्हर’ या तापाचा जंतू शोधण्यातही त्यांचा वाटा होता. त्या जंतूच्या शास्त्रीय नावात आज त्यांचे आडनाव आहे. १९४४ मध्ये ते इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले.

१९५१ सालची एक हकीकत मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात सशांनी शेती उद्ध्वस्त केली होती, म्हणून सरकारने सशांना मारणारा मिक्झोमा नावाचा विषाणू सोडला. नेमका त्याच उन्हाळ्यात, मरे नदीच्या त्याच खोऱ्यात माणसांना मेंदूज्वर होऊ लागला, काही जण दगावले. सशांचा रोगच माणसांना लागला, असा बोभाटा झाला. तेव्हा बर्नेट, त्यांचे सहकारी फ्रँक फेनर आणि इयन क्लुनीज रॉस या तिघांनी तोच विषाणू स्वतःला टोचून घेतला. त्यांना काहीही झाले नाही. मेंदूज्वराचा विषाणू अगदी वेगळा, डासांमार्फत पसरणारा निघाला आणि तोही बर्नेट यांच्याच प्रयोगशाळेने शोधून काढला. लोकांची भीती जावी म्हणून स्वतःचा दंड पुढे करणारा हा माणूस होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शरीर परक्याला ओळखते कसे? हृदयाला, यकृताला ते हात लावत नाही. पण दुसऱ्याच्या कातडीचा तुकडा लावला तर काही दिवसांत टाकून देते. पूर्वी बहुतेकांना वाटे, की ‘आपले’पणा जन्मजात असतो, रक्तातच असतो. १९४५ मध्ये अमेरिकेतील रे ओवेन या शास्त्रज्ञाला जुळ्या वासरांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. ती वासरे एकसारखी जुळी नव्हती, पण आईच्या पोटात त्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक वासराच्या अंगात भावंडाच्या रक्तपेशीही होत्या आणि मोठेपणीही शरीर त्यांना नाकारीत नव्हते. बर्नेट आणि फेनर यांनी १९४९ मध्ये यातून एक धाडसी तर्क काढला. काय आपले आणि काय परके, हे शरीर जन्माला येताना ठरवून आणत नाही, ते शिकते. गर्भावस्थेत जे जे त्याच्याजवळ असते, त्या सगळ्याला ते ‘आपले’ म्हणायला शिकते.

बर्नेट यांनी स्वतः हे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, पण त्यांचा प्रयोग फसला. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर मेडावर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते सिद्ध केले. उंदराच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. तो उंदीर मोठा झाल्यावर त्याच दुसऱ्या जातीच्या कातडीचे कलम त्याच्या अंगावर लावले, आणि त्याच्या शरीराने ते ठेवून घेतले! या शोधासाठी बर्नेट आणि मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मधल्या काळात, १९५७ मध्ये, बर्नेट यांनी आणखी एक विचार मांडला. त्यांना स्वतःला तोच अधिक मोलाचा वाटत असे. शरीरात असंख्य प्रकारच्या पांढऱ्या पेशी आधीपासूनच असतात आणि प्रत्येक पेशी एकच कुलूप उघडणाऱ्या किल्लीसारखी असते. जंतू आला की ज्या पेशीची किल्ली त्याला बसते तीच पेशी वाढते आणि तिच्यासारख्या हजारो होतात. आणि ज्या पेशींची किल्ली स्वतःच्याच शरीराला बसते, त्या बहुतेक लहानपणीच काढून टाकल्या जातात. तसे झाले नाही तर शरीर स्वतःवरच उठते. काही प्रकारचे संधिवात, लहान मुलांना होणारा मधुमेह हे अशाच आजारांपैकी आहेत. म्हणजे, आपल्या बचावव्यवस्थेचे पहिले शिक्षण हे मारण्याचे नसून न मारण्याचे आहे.

बंधू-भगिनींनो, आता त्या गृहस्थांचा दाखला पुन्हा पाहू. ‘शरीर परके ते बाहेर काढते.’ खरेच काढते का?

आपल्या अंगात स्वतःच्या पेशी जितक्या आहेत, साधारण तितकेच जीवाणू आहेत. बहुतेक आतड्यात राहतात, अन्न पचवायला मदत करतात, आणि शरीर त्यांना राहू देते. त्याहून मोठे उदाहरण प्रत्येक घरात आहे. आईच्या पोटातील बाळ हे अर्धे वडिलांचे असते. शरीराच्या कडक हिशेबाने ते परकेच. तरी आईचे शरीर त्याला नऊ महिने वाढवते. एवढेच नव्हे, तर बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. १९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना एका आईच्या रक्तात मुलाच्या अशा पेशी त्याच्या जन्मानंतर २७ वर्षांनी सापडल्या. मुलगा कामधंद्याला लागून दूर गेला असेल, आईच्या अंगात मात्र तो अजून आहे! १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर या शास्त्रज्ञ महिलेने तर असे सुचवले, की शरीर मुळात ‘हा परका आहे का’ असे विचारतच नाही. ‘यापासून इजा होते आहे का’ असे विचारते. त्यांचे म्हणणे सर्वांनीच मान्य केले असे नाही. पण केवळ परका म्हणून शरीर कोणाला हाकलते, हे विधान तितकेसे खरे नाही, एवढे यातून नक्की दिसते.

समजा, ते खरे असते. तरी त्यावरून आपण कसे वागावे, हे ठरत नाही. अठराव्या शतकातील स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी दाखवून दिले, की अमुक गोष्ट ‘आहे’ यावरून ती ‘असावी’ असे आपोआप सिद्ध होत नाही. मधली पायरी दाखवावी लागते. निसर्गात मांजर कधी कधी आपली पिल्ले खाते. म्हणून आपण काही तिचे अनुकरण करीत नाही. निसर्गात सर्व काही आहे. त्यातले काय उचलायचे, हे आपण ठरवतो आणि त्याची जबाबदारीही आपलीच असते.

हे सारे बर्नेट यांच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? आणि इथेच मी वाचताना अडखळलो. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी दप्तरातील काही गुप्त कागद उघड झाले. त्यांतून असे कळले, की १९४७ मध्ये संरक्षण खात्याने बर्नेट यांचा सल्ला घेतला होता, आणि त्यांनी लेखी सांगितले होते, की दाट लोकवस्तीच्या आशियाई देशांकडून आक्रमण होण्याचा धोका वाटल्यास त्यांची उष्ण प्रदेशातील पिके नष्ट करावीत, आणि तिथे पसरेल पण ऑस्ट्रेलियात पसरणार नाही असा रोग त्यांच्यात सोडावा, हा प्रभावी उपाय ठरेल. पुढेही काही वर्षे ते या कामाच्या समितीवर होते. ऑस्ट्रेलियाने अशी शस्त्रे तयार केली नाहीत, ही देवाची कृपा. त्या आशियाई देशांत आपली गणती होती का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. मला वाटते, तो विचारू नये. जे कोणी होते, ते आपल्यासारखेच घरदार, मुलेबाळे असलेले लोक होते.

बर्नेट यांना मी राक्षस म्हणत नाही. १९४२ मध्ये जपानने डार्विन शहरावर बॉम्ब टाकले होते. ती भीती ताजी होती. त्या काळी गोऱ्या नसलेल्यांना देशात येऊ न देण्याचे धोरण तिथे सर्वमान्य होते. आणि हेच बर्नेट पुढे १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीतील लोकांच्या आजारांवरील संशोधनाच्या समितीचे अध्यक्ष झाले, आणि सिगारेटच्या धोक्याविषयी लोकांना सावध करणाऱ्या पहिल्या नामवंतांपैकी एक ठरले. एकाच माणसाच्या ठायी हे सारे होते. तुमच्या-माझ्या ठायी नसते का?

पण प्रश्न उरतोच. घटसर्पाच्या लसीने मेलेल्या मुलांसाठी रात्रंदिवस खपणाऱ्या, लोकांची भीती जावी म्हणून स्वतःला विषाणू टोचून घेणाऱ्या डॉक्टरच्या हातून असा कागद कसा लिहिला गेला? मला जे उत्तर सुचते ते असे. बुंडाबर्गच्या मुलांना नावे होती, आईवडील होते. मरे नदीच्या काठचे शेतकरी त्यांचे देशबांधव होते. आशियातील लोक मात्र त्या कागदावर केवळ एक संख्या होते, एक लोंढा होते. लेव्हिनास नावाच्या तत्त्वज्ञांनी आयुष्यभर हेच सांगितले, की दुसऱ्याचा चेहरा आपल्यासमोर आला की आपल्यावर जबाबदारी येते. याचा अर्थ मी असा घेतो, की ज्याला मारायचे किंवा नाकारायचे असेल त्याचा चेहरा आधी पुसावा लागतो. विद्यापीठाने बर्नेट यांना विषाणू ओळखायला शिकवले. माणूस ओळखायला कोणतेही विद्यापीठ शिकवत नाही. सेमिनरीही नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. ते रोज नव्याने शिकावे लागते.

कारण त्या बैठकीत मीही तेच केले. ‘भाडेकरू’, ‘बाहेरचे’, ‘ते लोक’ असे शब्द तासभर माझ्या कानांवर पडत होते. त्यांतल्या एका कुटुंबाच्या घरी जाऊन मी तान्ह्या मुलाला आशीर्वाद दिला होता. दुसऱ्या घरच्या आजींना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी प्रभूचे शरीर नेऊन देतो. त्या आजी थकल्या आहेत. दफनभूमीची चर्चा होत होती तेव्हा खरे तर त्यांच्याविषयीच बोलणे चालले होते, आणि मला त्यांचा चेहरा आठवला नाही.

तुम्ही म्हणाल, फादर, मग कुंपण नकोच का? नाही, तसे मी म्हणत नाही. बचाव करण्याची शक्तीच गेली तर शरीर साध्या जंतूनेही मरते, हे एड्सने जगाला दाखवून दिले. संस्थेला नियम हवेत. आपली जागा कमी आहे, हा प्रश्न खरा आहे आणि तो मांडणाऱ्यांचे मन वाईट आहे, असे मी मुळीच मानत नाही. कबरी किती वर्षांनी पुन्हा वापरायच्या, कुटुंबाच्या राखीव जागांचे काय करायचे, हे सारे ठरवावे लागेल. पण जो नियम होईल तो सर्वांना सारखा असावा. जागा कमी आहे म्हणून सर्वांनीच थोडे सरकून घेणे, हा एक मार्ग आहे. जागा कमी आहे म्हणून ज्यांचा आवाज लहान त्यांनाच बाहेर ठेवणे, हा दुसरा. पहिल्यात अडचण सगळे मिळून सोसतात. दुसऱ्यात ती एकाच्या माथी मारली जाते आणि वर तिला निसर्गाचा नियम म्हटले जाते.

आणखी एका गोष्टीची आठवण करून देतो. परक्यांसाठी वेगळी दफनभूमी संत मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. महायाजकांनी ती कुंभाराचे शेत विकत घेऊन केली, आणि पैसे होते यूदाने परत फेकलेली तीस नाणी. आपल्या प्रभूला ज्या कबरेत ठेवले, ती त्याची स्वतःची नव्हती. गालीलाहून आलेल्या, त्या शहरात घर नसलेल्या माणसाला अरिमथाईच्या योसेफाने आपल्यासाठी खोदून ठेवलेली कबर दिली. आपण दर पास्काला ज्या रिकाम्या कबरेचे गुणगान करतो, ती मुळात एका स्थानिकाने परगावच्या माणसाला दिलेली जागा होती.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. उलट त्यांचे आभार मानायला हवेत, कारण त्यांनी मनातले उघड बोलून दाखवले; आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तेच असते आणि ओठांवर येत नाही. जे उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवे होते ते उशिरा देत आहे, याबद्दल तुमची आणि त्या कुटुंबांची क्षमा मागतो.

पॅरिश कौन्सिलची पुढील बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, शेवटच्या मिस्सानंतर आहे. या वेळी त्या कुटुंबांतील दोघांना बोलावण्याचे मी ठरवले आहे. त्यांच्याविषयी जे बोलायचे ते त्यांच्यासमोर बोलू. तोपर्यंत एक विनंती आहे. मिस्सात शांतीचे चिन्ह देताना ज्यांच्याशी आपण आजवर कधी बोललो नाही, अशा एकाला बाहेर पडल्यावर त्याचे नाव विचारा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
फादर